भोगाआधीचा घास

मुलगी पोटात होती तेव्हापासून मला एकच प्रश्न पडायचा. ज्या अंगात देवाने साखर पचवायची सोय ठेवली नाही, त्या अंगात लेकरासाठी गोड दूध कसं तयार होणार? मी शाळेत असतानाच मला मधुमेह झाला, लहान वयात होतो तो, टाइप वन. शरीरात इन्सुलिन बनेनासं झालं. तेव्हापासून जेवणाआधी सुई टोचायची, हे माझ्या दिवसाचं वळणच झालं. पुढे मी बी.एस्सी. झाले आणि महागावच्या एका शाळेत विज्ञान शिकवू लागले. आजाराचा मला राग कमी आणि नवल जास्त. हे असं का होतं, मग तसं का नाही होत, हे विचारत बसायची खोड. देवळात उभी राहिले तरी हात जोडलेले असायचे आणि मन मात्र प्रश्न विचारत असायचं. माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही घरात याडी म्हणतो, म्हणजे आई, त्या मला म्हणायच्या, "तू देवीपुढं बी परीक्षा घेतेस काय वं?" त्यात टोमणा नव्हता. आम्ही बंजारा. घरात गोरबोली बोलतो, बाहेर वऱ्हाडी. इथे समजावं म्हणून घरातलं बोलणंही वऱ्हाडीतच लिहिते.

मुलगी यवतमाळला ऑपरेशनने झाली. जन्मल्यावर तिचीच साखर खाली आली, म्हणून तिला नवजात बाळांच्या कक्षात ठेवलं. मला दूध नव्हतं. शेजारच्या खाटांवरच्या बायकांची लेकरं पदराखाली चुटूचुटू आवाज करायची आणि मी भिंतीकडे तोंड करून पडायची. डॉक्टर बाई सांगत, मधुमेह असलेल्या आईला दूध थोडं उशिरा येतं, बाळ हातात आलं की लावत राहा, येईल. याडींना मात्र ते दूध येऊ नये असंच वाटत असावं. त्या बिचाऱ्या घाबरल्या होत्या. "बायको तुई रोज सुया टोचते, ते औषध दुधात उतरन. तिची साखर पोरीत उतरन. डब्ब्याचं दे न पोरीले, लोकायची लेकरं वाढतेच ना त्यावर," असं त्या माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगत होत्या, आणि मला ऐकू येत होतं. डॉक्टर बाईंनी त्यांना बसवून समजावलं की इन्सुलिनने बाळाला अपाय होत नाही, आणि आईच्या दुधाने मधुमेह बाळाला लागत नाही. याडींनी मान हलवली. पण मान हलवणं आणि मानणं यात अंतर असतं.

मग एका सकाळी दूध आलं. छाती जड झाली, पोरीने तोंड लावलं आणि तिच्या गळ्यातून घोट उतरल्याचा आवाज मला ऐकू आला. तो आवाज मी कशाशीच तोलू शकत नाही. मी ते दूध बोटावर घेऊन जिभेला लावलं. पातळ होतं, आणि गोड. माझ्या रक्तातली जी साखर मी इतकी वर्षं पहारेकऱ्यासारखी मोजत आले, त्याच रक्तातून अंगाने गुपचूप हे रांधलं होतं, मला न विचारता. कसं रांधतात ते पुस्तकात आहे, मला येतं. पण ते शिकवताना कधी डोळ्यांत पाणी आलं नव्हतं.

डॉक्टर बाईंनी घरी सोडताना बजावलं होतं. "पाजताना तुमच्या रक्तातली साखर दुधाकडे ओढली जाते. ती एकदम खाली येऊ शकते. पाजायच्या आधी काहीतरी खा. जवळ साखर ठेवा. आणि घरच्यांना सांगून ठेवा." पहिल्या दोन गोष्टी मी नेटाने पाळल्या. तिसरी राहून गेली. याडींना सांगितलं असतं तर त्यांनी दूधच तोडायला लावलं असतं, या भीतीने मी ते स्वतःपाशी ठेवलं.

याडींनी मुलगी कक्षात असताना नवस बोलला होता. पोर सुखरूप घरी आली तर माहेरच्या देवीला भोग लावीन. त्यांचं माहेर झरी जामणीकडे, मुकुटबनच्या पुढे जंगलाला लागून असलेला एक तांडा. आमच्याकडून म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. कापसाचा पहिला वेचा झाला, थंडी पडली, तेव्हा आम्ही गाडी करून निघालो. याडी, नवरा, मी आणि मांडीवर पोर. याडी सबंध रस्ताभर बोलत होत्या, हे त्यांच्या आजोबांचं वावर, ही नदी. मी इतकं मोकळं त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

देवीचं ठाणं तांड्याच्या बाहेर, सागाच्या झाडीत. एका ओट्यावर शेंदूर लावलेली शिळा, पुढे होमाची जागा, आणि थोडं बाजूला तीन दगडांच्या चुलीवर गुळाच्या लापशीचं पातेलं. भोग म्हणजे ही लापशी आणि तूप आधी देवीपुढच्या अग्नीला देतात, भगत, म्हणजे पुजारी, अरदास ही प्रार्थना म्हणतो, आणि मगच माणसं खातात. त्याआधी कुणी बोटही लावत नाही. अगदी लेकरंही नाहीत.

"भगत आलाच, ताट वाढतोच बाई," असं याडींच्या वहिनी म्हणाल्या, म्हणून मी आडोशाला जाऊन जेवणाचं इन्सुलिन घेतलं. आणि भगत काही येईना. त्याची मोटरसायकल वाटेत बंद पडली म्हणून निरोप आला. माझा नवरा आणि मामेसासरे गाडी घेऊन त्याला आणायला गेले. ती गाडी फुफाटा उडवत दिसेनाशी झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझी पिशवी गाडीतच आहे. पिशवीत साखरेची पुडी, बिस्किटं, साखर तपासायचं यंत्र, सगळं. मी स्वतःला समजावलं की येतीलच इतक्यात. बायका ओट्यापलीकडे पुऱ्या लाटत होत्या. त्यांच्याकडे जाऊन "मला काहीतरी खायला द्या" म्हणायचं, तेही नवसाच्या दिवशी, भोगाआधी, सासूच्या माहेरी. पाय उचलेना.

तेवढ्यात पोर रडायला लागली. मी चुलीपासून जरा लांब एका सागाला टेकून बसले आणि तिला पाजायला घेतलं. तिला भूक लागली होती, ती जोरात ओढत होती. साखर खाली आली की एरवी मला घाम फुटतो, हात थरथरतात, मी लगेच ओळखते. त्या दिवशी तसं काहीच जाणवलं नाही. उलट फार शांत वाटलं. सागाची वाळकी पानं, त्यावरचं ऊन, सगळं लांब लांब जाऊ लागलं. पोर मांडीवरून घसरतेय हे मला दिसत होतं, पण ते दुसऱ्या कुणाच्या मांडीवर चाललंय असं वाटत होतं. हाक मारावी असंही मनात आलं. कुणाला आणि काय म्हणून, हे शब्द सापडेनात. तेव्हा मी काहीतरी मागितलं. त्याला प्रार्थना म्हणता येईल का, मला ठाऊक नाही. "हिला धर" एवढंच मनात उमटलं.

मग कुणीतरी तिला धरलं. माझ्या हाताखाली दुसरा हात आला, काळा, सुरकुतलेला, हिरव्या बांगड्यांचा. एक म्हातारी माझ्याजवळ टेकली होती. जवळच्या पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची बाई. बायका पुऱ्यांकडे होत्या तोवर ती चुलीचा जाळ सांभाळत बसली होती. तिच्या दुसऱ्या हातात पळसाच्या पानावर वाफाळती लापशी होती. फुंकून तिने बोटांनी घास केला आणि माझ्या तोंडाशी आणला. शाळेच्या दिवसांपासून मला प्रसाद कपाळाला लावून दुसऱ्याला द्यायची सवय. इतकं भान हरपलं होतं तरी ती सवय हरपली नव्हती. मी तोंड फिरवलं.

"आंऽ कर," ती म्हणाली.

मी पुन्हा तोंड फिरवलं.

"लेकरू पिऊन राह्यलं न तुयं. खाय मंग." आणि तिने घास तोंडात सारलाच.

मी गिळला. मग दुसरा, मग तिसरा. पोर तिने एका हाताने माझ्या छातीशी तशीच धरून ठेवली होती, आणि पोर पीत होती. हळूहळू ती पानं, ते ऊन जवळ येऊ लागलं. अंगाला दरदरून घाम फुटला. मग मात्र मी थरथरू लागले आणि मला हुंदका आला.

तोवर याडींच्या वहिनींचं लक्ष गेलं होतं. "अवं, भोग उष्टा केला," त्या म्हणाल्या. लाटण्यांचा आवाज थांबला. सगळ्या बायका आल्या. म्हातारीला काय चुकलं ते कळेना. ती म्हणाली, "म्या देल्लं. पोरगी पिवळी पडलती." मी कसंबसं सांगितलं, सगळं. सुई घेतली, जेवायला उशीर झाला, पाजलं, आणि पाजताना असं होतं हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं.

याडी समोर उभ्या होत्या. नवस त्यांचा, माहेर त्यांचं. आता त्या काय बोलतील याकडे सगळ्यांचे डोळे. त्या खाली बसल्या आणि माझ्या कपाळावरचा घाम पदराने टिपला. मग त्यांनी पोरीकडे पाहिलं. तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून दुधाची धार निघाली होती. बराच वेळ त्या तिथेच पाहत राहिल्या.

"मले काहून नाई सांगतलं वं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही दूध बंद करायला लावलं असतं म्हणून."

याडी उठल्या, वहिनींना म्हणाल्या, "भोग लागला. आता उरलेला अग्नीले द्या." वहिनी म्हणाल्या, "भगत काय म्हणन?" याडी म्हणाल्या, "त्याले मी सांगीन. पोरीसाठी नवस होता, पोरीलेच पोचला."

भगत आला तेव्हा त्यांनी खरंच सांगितलं. त्या पांढऱ्या मिशांच्या माणसाने ऐकून घेतलं, पातेल्याकडे पाहिलं आणि पाय धुवायला पाणी मागितलं. अरदास म्हणताना त्याने माझ्या मुलीचं नाव नेहमीपेक्षा दोनदा जास्त घेतलं, असं याडी नंतर सांगायच्या. नवऱ्याने पिशवी आणली, मी साखर तपासली. अजून कमीच होती. मी पोटभर जेवले आणि थोड्या वेळाने पुन्हा तपासली, तेव्हा ती चढली होती.

घरी परतताना गाडी आधी यवतमाळला डॉक्टर बाईंकडे नेली. त्यांनी इन्सुलिनचा हिशोब नव्याने बसवला आणि ताट समोर आल्याशिवाय सुई घ्यायची नाही अशी ताकीद दिली. त्या दिवशी प्रश्न मी विचारले नाहीत, याडींनी विचारले. साखर खाली गेली तर तोंड कसं दिसतं? काय द्यायचं? गिळता येत नसेल तर? डॉक्टर बाई सांगत होत्या आणि याडी पुढे वाकून ऐकत होत्या. तेव्हापासून मी पोरीला पाजायला बसले की माझ्या बाजूला एक वाटी येऊन टेकते. कधी खजूर, कधी भाकरीचा तुकडा आणि दूध. आणि मुलगी अजूनही अंगावर पिते, वरचं खाऊनसुद्धा.

हे सगळं कसं घडलं याची कारणं मला सांगता येतात. म्हातारी जवळच बसली होती. तिने मला पिवळी पडताना पाहिलं. पातेल्यात गूळ होता. प्रत्येक दुवा मी फळ्यावर काढून दाखवू शकेन. तरी माझं कुतूहल तिथे संपत नाही. भोगाचा नियम ठाऊक नसलेलं एकच माणूस त्या जागी होतं, आणि नेमकं तेच माझ्या जवळ होतं. याला काय म्हणायचं, हे मी ठरवलेलं नाही. ठरवायची घाईही नाही. मला एवढं कळलं की इतकी वर्षं मी स्वतःला सांभाळत आले, सगळं मोजून, सगळं मुठीत ठेवून. त्या दिवशी मुठी सुटल्या तेव्हा खाली हात होता. समर्पण म्हणजे सुई सोडणं नव्हे, मोजणं सोडणंही नव्हे. ते सगळं करायचंच. पण ते एकटीनेच करायचंय, हा हट्ट सोडायचा.

मुलगी चालायला लागली तेव्हा आम्ही पुन्हा तिकडे गेलो. मी त्या म्हातारीसाठी लुगडं घेतलं होतं. पोडावर विचारत विचारत तिच्या अंगणात गेले. ती पत्रावळीसाठी मोहाची पानं जुळवत बसली होती. मी पाया पडले, त्या दिवसाची सगळी गोष्ट सांगितली. तिने नीट ऐकली, मग माझ्याकडे निरखून पाहिलं.

"मी होती का ते?" ती म्हणाली. "मले याद नाई माय. असन."

तिने लुगडं मांडीवर ठेवलं, मुलीला जवळ ओढलं, तिच्या हनुवटीला बोट लावून तोंडात किती दात आले ते पाहिलं.

"पिते का अजून?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणाले.

"पिऊ दे मंग," ती म्हणाली, आणि पुन्हा पानं जुळवायला लागली.