बावखलाचा तळ

आमच्या बावखलाला तळ नाही, असं भुईगावात सगळे सांगत. बावखल म्हणजे बागायती वाडीच्या मधोमध खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, जमिनीत मुरायचं आणि समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही विहिरींचं पाणी गोड राहायचं. बाबांची केळी आणि मोगरा त्याच पाण्यावर उभे होते. पण बावखल बाबा आणि थोरले काका यांच्यात सामाईक होतं, आणि काकांना ते बुजवून तिथे मुलांसाठी बंगले बांधायचे होते. बावखल गेलं की वाडी गेली, हे बाबांना पक्कं ठाऊक होतं. पण थोरल्या भावासमोर त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. त्यांच्याकडे एकच वाक्य होतं, दर वेळी तेच पुढे करायचे. "दादा, तळ नाय त्याला. किती माती ओतशील?" त्यावर काकाही विषय पुढे ढकलत. जे कंत्राटदार काठावरून डोकावून गेले होते, त्यांतल्या एकानेही छातीठोकपणे आकडा सांगितला नव्हता.

नव्वदीच्या अखेरीची ही गोष्ट. मी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला होते. घरात एवढं शिकणारी पहिलीच, त्यामुळे नाकाचा शेंडा कायम वर. कॉलेजात सांगितलं, ओळखीची एक जागा निवडा, स्वतः मोजा आणि तिचं मॉडेल करा. कोणी देऊळ निवडलं, कोणी चाळीचा जिना. मी बावखल निवडलं, आणि त्यात माझा एक डाव होता. काका बावखल रोज बघत होते म्हणूनच त्यांना ते दिसत नव्हतं. तेच लहान करून पुढ्यात ठेवलं की त्यांचं मन विरघळेल, असं मला खरोखर वाटत होतं. एकोणिसाव्या वर्षी माणसाला काय वाट्टेल ते वाटतं.

पहिलं मॉडेल दोन दिवसांत उरकलं. फळीवर हिरवा रंगवलेला भुसा, काड्यांचे माड, मधोमध निळा कागद. बाबांनी चष्मा कपाळावर चढवून ते नीट पाहिलं आणि विचारलं, "बाय, ह्या पान्यात बुडायचं कसं?"

मला राग आला. मला राग आला की समजावं, समोरच्याचं बरोबर आहे. फळीत खड्डा दाखवता येत नाही. मॉडेलमध्ये काही खोल दाखवायचं तर आजूबाजूची सगळी जमीनच वर उचलावी लागते, पुठ्ठ्याच्या थरावर थर चढवून. आणि त्यासाठी आधी खोली माहीत हवी.

"मग मोजूया," मी म्हटलं.

बाबा हातातल्या सुतळीची गाठ सोडवत राहिले. ती काही सुटेना. शेवटी म्हणाले, "अभ्यासाचं हाय ना? मग मोजलं पायजे."

केळीची खोडं बांधून त्यांनी तराफा केला. दोराला धोंडा बांधला आणि दर फुटाला एक चिंधी. बाबा तराफ्यावर, मी काठावर वही घेऊन. कडेला दोन फूट, जरा आत पाच. मध्यावर दोर संपणार अशी माझी खात्री होती. बाबांनी धोंडा सोडला, आणि हातातला दोर सैल झाला.

"लागला," ते म्हणाले.

त्यांनी दोर ओढून घेतला, चार हात सरकून पुन्हा सोडला. पुन्हा लागला. दहा फूट. "आमचा आजा सांगायचा, माडावर माड उभा केला तरी बुडेल," बाबा म्हणाले आणि थोडेसे हसले. मग काठाकडे न बघताच म्हणाले, "लिही."

मी लिहिलं. अगदी आनंदाने लिहिलं. आज कशाची सगळ्यात जास्त लाज वाटत असेल तर त्या आनंदाची.

माणिकपूरच्या एका दुकानातून फ्रिजचे रिकामे खोके आणले. खऱ्याच्या शंभराव्या हिश्श्याचं माप धरलं, म्हणजे पुठ्ठ्याचा एक थर बरोबर एक फूट. असे दहा थर. प्रत्येक थराला बावखलाच्या आकाराचं भोक, खाली जाईल तसं लहान. ब्लेडने बोटं इतकी कापली, की आई म्हणाली, शिकायला गेलीयस की मासे कापायला? दगडी पायऱ्यासुद्धा एकेक करून बसवल्या, वर तोच हिरवा भुसा पसरला. कॉलेजात मॉडेलचं कौतुक झालं. वसई रोड स्टेशनपासून ते मांडीवर घेऊन मी रिक्षाने घरी आणलं, लहान मूल आणावं तसं.

त्याच रविवारी काका आले. बरोबर गोखिवऱ्याचा एक कंत्राटदार होता, डंपरवाला. मी मॉडेल ओटीवर आणून ठेवलं आणि बावखल का राहायला हवं यावर एक लांबलचक भाषण ठोकलं. काका ऐकत होते की नाही कोण जाणे, पण ते वाकले आणि त्यांनी तिसऱ्या पायरीवर बोट ठेवलं. "हितं आई भांडी घासायची," ते म्हणाले. बोट त्यांनी तिथून उचललं नाही. मी बाबांकडे पाहिलं. जिंकलो, असं मला वाटलं.

तेवढ्यात कंत्राटदार पुढे सरकला. माणूस सज्जन होता, खोटं कशाला बोलू. "ताई, कसलं भारी बनवलंय! हे एकदम मापात आहे का?"

"एका इंचाचा फरक निघणार नाही," मी ताठ मानेने म्हटलं.

"वहिनी, जरा तांदूळ द्या ना."

आईने काही न समजून सुपातून तांदूळ आणले. त्याने ते पुठ्ठ्याच्या बावखलात ओतले, काठोकाठ, वरून हाताने सपाट केले. मग मॉडेल हळूच कलंडवून सगळे दुधाच्या अर्ध्या लिटरच्या मापात काढले. माप एक बोट कमी भरलं.

"आता हे शंभर पट करायचं, ना?" त्याने काकांना विचारलं.

तिथे मी गप्प बसले असते तर? शंभर पट केलं असतं तर एका हातगाडीभर मातीतच बावखल बुजलं असतं. सगळे हसले असते आणि चहा पिऊन उठले असते. पण माझ्यासमोर कोणी गणित चुकलं की मला राहवत नाही.

"शंभर पट कसं होईल?" मी फणकारले. "लांबी शंभर पट, रुंदी शंभर पट, खोली शंभर पट. दहा लाख पट!"

आणि नुसतं बोलून थांबले नाही. पेन्सिल घेतली, लिटरांचे घनफूट केले, शंभर घनफुटांचा एक ब्रास या हिशेबाने भागाकार केला. एकशे साठ ब्रास माती.

"अरे, मी तर तीनशेच्या वर धरून चाललो होतो," कंत्राटदार म्हणाला. "ऐंशी खेपा. आठवड्यात काम फत्ते."

पेन्सिल अजून माझ्या हातात होती. काका बाबांकडे बघत होते. त्यांच्या नेहमीच्या वाक्याची ते वाटच बघत होते, असं मला आजही वाटतं. बाबा मॉडेलकडे बघत होते.

"धाकट्या, बोल काय ते."

"मी काय बोलू, दादा? तळ लागला आता."

मग मी आकांडतांडव केलं. मॉडेल जाळून टाकते म्हटलं, काकांना नको ते बोलले. काका शांतपणे म्हणाले, "बाय, तूच मोजलंस ना?" आई कोपऱ्यात बसून तांदळातला हिरवा भुसा निवडत होती. अन्न टाकायचं नसतं. संध्याकाळी त्याचाच भात झाला आणि आम्ही तो जेवलो.

दिवाळीनंतर पाणी उपसलं आणि डंपर सुरू झाले. मोजायचं नाही असं ठरवूनही मी खेपा मोजत होते. एक्क्याऐंशीव्या खेपेला जमीन सपाट झाली. बाबा त्या नव्या मातीवर अनवाणी उभे होते, अंगठ्याने ती दाबून बघत होते. मी जवळ गेले तसे म्हणाले, "एकच खेप जास्त लागली. बरोबर मोजलं होतंस, बाय."

टोमणा असता तर मी भांडले असते. भांडायला मी कोणाला हार जात नाही. पण टोमणा नव्हता. वाडी जाणार हे कळूनही त्यांना आपल्या मुलीच्या शिक्षणाचं खरोखर कौतुक वाटत होतं.

"हो," मी म्हटलं.