तिसऱ्या स्ट्राइकच्या धाकात

आमच्या दंडार मंडळातले किस्से सांगायला बसलं की संपतच नाहीत. एकाचा संपेपर्यंत दुसऱ्याला तीन आठवलेले असतात. आणि हल्ली प्रत्येक किश्श्यात कॉपीराइट येऊन बसतो!

दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरते, तिथे आम्ही दंडार, म्हणजे गाण्यानाचाचं लोकनाट्य, करतो आणि त्याचे व्हिडिओ मी यूट्यूबवर टाकतो. चॅनलवर कॉपीराइटचे दोन स्ट्राइक बसलेत. तिसरा बसला की चॅनल बंद! व्हिडिओ उतरवून ठेवता येतात हो. पण आमच्या म्हाताऱ्या तानबाभाऊंचं गाणं ऐकायला एटापल्लीपासून बल्लारपूरपर्यंतची माणसं तिथे येतात, त्यांना कुठे उतरवून ठेवू?

०००

पहिला स्ट्राइक तर आम्ही काही न करता मिळवला. आमचा रावण गर्जत होता आणि शेजारच्या लग्नाच्या मांडवात डीजेवर सिनेमाचं गाणं वाजत होतं. रेकॉर्डिंगमध्ये रावण कमी, डीजे जास्त!

रावण झालेला दिलीप भडकला. "लगन त्याहिचं, नाचले थे, जेवले थे, अन् शिक्षा आमाले?"

तेव्हापासून रेकॉर्डिंगच्या आधी मी आजूबाजूच्या घरी जाऊन हात जोडतो. मागच्या खेपेला शेजारच्या शेवंताबाईंनी स्वतःचा कोंबडासुद्धा टोपल्याखाली झाकला. "काई भरोसा नाई बाप्पा, याच्यावरबी कोनी हक्क सांगन!"

०००

दुसरा मात्र दिलीपने ओढवून आणला. एका गाजलेल्या प्रेमगीताची चाल घेऊन त्याने वाघाला विनवणी लिहिली, की बाबा, धान कापेपर्यंत तरी बांधावर येऊ नको. लोक हसून लोटपोट. आठवड्याभरात व्हिडिओ गायब.

"शब्द माहे, घसा माहा, वाघ आपल्या जंगलातला. मंग त्याहिचं काय गेलं?"

"चाल," मी म्हणालो.

दिलीपने तीच चाल एकदा गुणगुणून पाहिली. मग म्हणाला, "वाघाले त आवडली असती."

०००

घाबरून आम्ही गडचिरोलीला वकिलांकडे गेलो. 'फेअर यूज' हा शब्द दिलीपने मोबाइलवर ऐकून पाठ केला होता, तो त्याने दारातच टाकला.

वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, "आपल्याकडे त्याला फेअर डीलिंग म्हणतात. टीका करायला, समीक्षा करायला दुसऱ्याचं थोडंफार घेता येतं. पण आधी परवानगीचा शिक्का मिळत नाही. कोणी अंगावर आलं, तर ते बचावाला पुढे करायचं."

"थोडंफार म्हंजे किती, साहेब?"

"ते प्रकरण पाहून कोर्ट ठरवतं."

"म्हंजे पकडल्यावर समजते!"

परतीच्या बसमध्ये कोणी गाणं म्हटलं नाही. एरवी आमच्या बसमधून ड्रायव्हरसुद्धा गात जातो.

०००

सगळ्यात जास्त धसका तानबाभाऊंनी घेतला. जन्मभर मासे धरता धरता गाणी रचलेला माणूस. पण तालमीत तोंड उघडलं की आधी माझ्या फोनकडे बघायचे.

"बंद हाय ना थो?"

"बंद आहे, भाऊ."

"मंग ठेव त्याले घरात नेऊन."

फोन घरात ठेवला तरी दोन ओळींवर थांबायचे आणि विचारायचे, "हे माहंच हाय ना रे? का कोनाचं आयकलं होतं?" मला तेव्हा खरंच रडू यायचं.

०००

वकिलांचं सांगणं ऐकून भाऊ एवढंच म्हणाले होते, "आपला कायदा सोपा होता."

मंडईचा जुना रिवाज असा, की दुसऱ्या गावचं गाणं खुशाल घ्या, हवं तसं फिरवा. पण शेवटच्या ओळीतलं रचणाऱ्याचं नाव तसंच ठेवा, आणि त्याच्या घरी नारळ पाठवा. एकदा एका मंडळाने भाऊंचं गाणं घेऊन त्यात स्वतःचं नाव घातलं. भाऊ भांडले नाहीत. त्यांच्या मंडईत जाऊन सगळ्यांत पुढे बसले, बस्स! शेवटच्या ओळीला गाणाऱ्याची नजर भाऊंवर गेली आणि त्याच्या तोंडून निघालं, "तानबा म्हणे..."

नारळ दुसऱ्याच दिवशी आला.

०००

आणि परवा तो मेसेज आलाच. एका बड्या म्युझिक कंपनीचा. आमच्या चॅनलवरचं बोडीचं गाणं म्हणे त्यांच्या मालकीचं! काढा, नाही तर स्ट्राइक. तिसरा!

बोडी म्हणजे आमचं गावतळं. ती आटली त्या उन्हाळ्यात भाऊंनी काठावर बसून हे गाणं रचलं, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलेलं. भाऊंना हे एकट्याने सांगायचा मला धीर होईना. शेवटी शेवंताबाईंच्या अंगणात सगळे जमलो. भाऊ म्हणाले, "लाव, त्याहिचं कसं हाय आयकू दे."

कंपनीचं गाणं लावलं. वर भरपूर बँडबाजा, पण खाली चाल तीच, शब्द तेच. भाऊ मान खाली घालून ऐकत होते. कोणी कोणाकडे बघेना. गाणं संपत आलं आणि शहरातली ती गोड गळ्याची गायिका तान घेऊन गायली,

"तानबा म्हणे, बोडी आटली, मासोळी कुठी जाय..."

दिलीप उडालाच! "भाऊ! तुमचं नाव! सापडले ना लेकाचे! नावासकट उचललं!" शेवंताबाईंनी टाळ्या वाजवल्या. मी घाईघाईने वकिलांचा नंबर शोधायला लागलो.

भाऊ मात्र उठून अंगणाच्या फाटकापर्यंत गेले. रस्त्याकडे दोन्ही बाजूंना नीट पाहून आले आणि म्हणाले,

"नाव त ठेवलं पोरीनं. मंग नारळ काऊन नाई आला?"