म्हशीचा कूलर

नवा कूलर आला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद आमच्या ह्यांना झाला होता. जुना पत्र्याचा होता, तीन बाजूंना गवताच्या ताट्या आणि कान पिरगाळावा तसं फिरवायचं बटण. सुरू झाला की घरात पिठाची गिरणी लागल्यासारखं वाटायचं. टीव्हीवर कोण काय बोलतंय ते नुसत्या तोंडांवरून ओळखायचं. नवा मात्र पांढराशुभ्र, बिनआवाजाचा, वर रिमोटवाला.

आणला होता तो खास माझ्या सासऱ्यांसाठी. गेल्या उन्हाळ्यात मामाजींना ऊन लागलं होतं, दवाखान्यात भरती करावं लागलं होतं. पुन्हा असं होऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जुना कूलर गोठ्यात गेला. म्हैस नुकतीच व्यायली होती, उन्हानं तिचं दूध कमी होऊ नये म्हणून.

नव्याची खोड आठवड्याभरातच कळली. आमच्या गावात, जऊळक्यात, उन्हाळ्यात विजेची लाइन जात-येत राहते. जुन्याचं बटण एकदा फिरवलं की लाइन आल्याबरोबर तो आपसूक सुरू व्हायचा. हा शहाणा नुसता लाल दिवा लावून बसायचा. जावईबापूंसारखा, बोलावल्याशिवाय उठायचाच नाही. रिमोटची बटणं मामाजींना दिसत नव्हती. त्यातून रिमोट गोधडीत हरवतो म्हणून ह्यांनी तो दारावरच्या खिळ्याला टांगलेला. मी बोलले, तर म्हणाले, "तुले नवीन काहीच पटत नाही."

मे महिन्यात भावकीतलं लग्न वाशीमला होतं. सगळी गल्ली तिकडे. गुडघ्यांमुळे मामाजी घरीच थांबले. पाणी उशाशी ठेवलं, वॉकर खाटेला टेकवून ठेवला, कूलर लावला आणि आम्ही निघालो.

पंगतीत बसलो होतो. गावाहून उशिरा आलेले एक पाहुणे सहज म्हणाले, "लय वेळची गेली होती लाइन. मी निघालो तवा आली."

"आली नं? मंग काय टेन्शन," हे म्हणाले आणि बुंदी मागितली.

माझा हात मात्र पानातच राहिला. लाइन आली, पण कूलर? मामाजींना फोन लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही. परत लावला, तरी तेच. मग ह्यांचाही चेहरा उतरला. हात न धुताच आम्ही मोटरसायकलवर बसलो. मला राग आला होता आणि भीती त्याहून जास्त वाटत होती.

खोलीचं दार उघडलं तर आत भट्टी. कूलरचा लाल दिवा तेवढा लागलेला. खाट रिकामी, वॉकर नाही, फोनही नाही आणि मागचं दार सताड उघडं. या उन्हात हा माणूस गेला कुठे?

तेव्हा कुठे ती खडखड माझ्या कानात शिरली. ती अंगणापलीकडच्या गोठ्यातून येत होती.

पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या कुडाआड, जुन्या कूलरसमोर गोठ्यातल्याच बाजेवर मामाजी गाढ झोपले होते. अंगावर ओला दुपट्टा, शेजारी वॉकर. पलीकडे म्हैस रवंथ करत होती. मी त्यांच्या कपाळाला हात लावला, गार होतं. लग्नाच्या साडीनिशी तिथेच शेणात बसले आणि रडता रडता हसू लागले.

त्यांनी डोळे उघडले. "झालं का लगन?"

"फोन काहून नाही उचलला बाबा?" हे ओरडलेच.

"याच्या आवाजात आयकू येते का फोन?" मामाजी म्हणाले. "लाइन आली तं तुवा कूलर काही हालला नाही. इकडचा वाजून राह्यला होता. म्हनलं, म्हशीची सोय हाये, आपन तिच्याकडंच जावं."

ह्यांनी संध्याकाळीच जुना कूलर उचलून मामाजींच्या खिडकीत परत बसवला. नवा गोठ्यात गेला आणि त्याच्या रिमोटची चाकरी ह्यांच्याकडे आली. लाइन आली की भर जेवणातून उठून म्हशीकडे पळतात. मी त्यांचं ताट झाकून ठेवते.

टीव्ही पुन्हा ऐकू येईनासा झालाय. आता दुपारी लाइन गेली की चुलीपाशी माझा हात थांबतो. ती येते, मामाजींच्या खोलीत खडखड सुरू होते, आणि मग मी तव्यावरची भाकर उलटते.