नाकशास्त्र्यांनी मान हलवली

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात त्यांना सगळे नाकशास्त्री म्हणत. चोवीस वर्षांची नोकरी, आणि यंत्राच्या आधी बिघाड ओळखणारं नाक. सडक्या अंड्यांचा वास आला की म्हणत, "तळाला गाळ साचलाय, उपसा." कुजक्या कोबीसारखा आला की, "टाकीत हवा कमी पडतेय." बहुतेक वेळा खरं निघे.

मग ते आठवडाभर तापाने फणफणले. ताप उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. कामावर परतल्या दिवशी ते टाकीच्या कठड्याशी उभे राहिले. समोर काळं पाणी बुडबुडत होतं, नाकाला मात्र काहीच लागत नव्हतं.

घरी बायको रोज दारातच कपडे बदलायला लावायची. "आज फार येतोय का गं वास?" त्यांनी विचारलं.

"इतक्या वर्षांत कधी विचारलं नाहीत ते?" ती म्हणाली. त्यांनी विषय बदलला.

सांगायचं कुणाला? निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. आपलं नाकच गेलं तर इथे आपल्याला विचारतो कोण, या विचाराने घास गोड लागेना. ते चोरून इतरांचे चेहरे वाचू लागले. कुणी रुमाल तोंडाला लावला की लगेच म्हणायचे, "हं, वाढलाय आज." तीन आठवडे असे निभावले.

त्यांचा जावई त्याच केंद्रात फिटर होता. त्यांनीच शब्द टाकून त्याला लावलेलं. एका सकाळी, शहराचं सांडपाणी येऊन साचतं त्या खोल विहिरीतला पंप अडकला. पट्टा बांधून, दोर लावून जावई झाकणाशी आला. विहिरीत आधी वायुमापक सोडायचा, असा नियम होता. पण तो कपाटात पडून असे. शास्त्री असताना मापक कशाला, असं सगळेच म्हणत, आणि ते ऐकून शास्त्री सुखावत.

"बाबा, बघता का एकदा?"

ते वाकले. दीर्घ श्वास घेतला. भोवती चार माणसं उभी होती, सगळ्यांचं लक्ष त्यांच्याकडे. त्यांनी मान हलवली. "उतर."

जावई पाच-सहा पायऱ्या उतरला. न राहवून त्यांनी हाक मारली, "वास कसा आहे रे?"

"झाकण काढलं तेव्हा भसकन आला होता. आता अजिबात नाही."

सडक्या अंड्यांसारखा वास येणारा विहिरीतला विषारी वायू थोडा असला की नाकात शिरतो. फार झाला की नाकच बधिर करतो. वास अचानक थांबला, तर तिथून पळायचं असतं. नव्या माणसांना पहिल्या दिवशी ते हेच शिकवत आले होते.

"ओढा त्याला वर! माझ्या नाकाला वास येत नाही, मी खोटं बोललो! ओढा!"

दोर ताणला तोवर जावयाचे हात शिडीवरून सुटले होते. चौघांनी मिळून त्याला बाहेर काढलं. ओठ निळसर पडलेले, डोळे अर्धवट उघडे. कुणीतरी धावत जाऊन मापक आणला. दोरीने आत सोडताच तो कर्कश ओरडू लागला.

दवाखान्यात दोन दिवस प्राणवायू लावल्यावर जावई बरा झाला. शास्त्र्यांनी मोठ्या बाईंच्या, म्हणजे केंद्राच्या इंजिनिअरच्या, टेबलासमोर उभं राहून सगळं सांगितलं. "ताप कुणालाही येतो," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही मान का हलवलीत?" शास्त्र्यांना विहिरी-टाक्यांवरून काढून नोंदींच्या खोलीत बसवलं. मापकाशिवाय झाकण उघडायचं नाही, असा फलक लागला.

खरी भीती लेकीची होती. दवाखान्याच्या बाकावर तिच्या शेजारी बसून त्यांनी तिलाही काही लपवलं नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं?" तिने विचारलं. "तो उतरत असताना ठाऊक होतं?"

"हो."

ती उठून नवऱ्याच्या खोलीत गेली. पुढचे दोन महिने ती माहेरी फिरकली नाही. जावई एकटाच यायचा, सासूशी गप्पा मारायचा, सासऱ्यांना म्हणायचा, "धीर धरा, येईल ती." एका रविवारी ती आली. वडिलांना नमस्कार केला नाही, पण आईला हळूच विचारलं, "बाबांना नाक दाखवायला डॉक्टरांकडे कधी न्यायचंय? मी सुट्टी काढते."