समेचे दोन दिवे

ताईचे कान एकदम गेले नाहीत. आधी दाराची बेल गेली, मग कुकरची शिट्टी, मग तबल्याच्या काठावरचा तो बारीक, टणक बोल. डॉक्टर म्हणाले, नस कमजोर होत चालली आहे, यंत्र लावून बघा. यंत्र लावल्यावर तिला तबला आणि समोरच्या बांधकामावरचा मिक्सर सारखेच ऐकू येऊ लागले. ताई कथक शिकवायची. तिनं लग्न केलं नव्हतं. वाशीतल्या आमच्या तळमजल्याच्या फ्लॅटचा हॉल हाच तिचा क्लास आणि, स्पष्टच सांगतो, हाच तिचा संसार होता. तबला ऐकू आला नाही तर तिच्याकडे काय उरणार होतं, हे आम्ही दोघांनीही कधी बोलून दाखवलं नाही.

मी तिचा धाकटा भाऊ, तुर्भ्याच्या एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्सचा टेक्निशियन. बिघडलेली वस्तू उघडून बसलं की ती दुरुस्त होतेच, असा माझा ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ठाम समज होता आणि त्यापायी मी घरादाराला हैराण केलं होतं. कानाऐवजी पायानं ऐकता येईल का, हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला आणि मग मला दुसरं काही सुचेना.

फळी केली ती प्लायवूडची, दोन माणसं उभी राहतील एवढी. खाली उलटे स्क्रूनं आवळलेले दोन जुने स्पीकर. डग्ग्याला चिकटवलेला एक छोटा माइक, मधे अॅम्प्लिफायर. तबल्यावर थाप पडली की फळी थरथरायची. सुरुवातीचे तीन महिने प्रयोग स्वतःवरच केले. कानात मेण घालून फळीवर उभा राहायचो आणि कुठला बोल शरीरात कुठे कळतो ते वहीत लिहायचो. टाचेला ‘धा’ स्वच्छ कळायचा, पोटरीला अर्धवट. बारीक बोल मात्र कुठेच पोचत नव्हते, टाचेला नाही, हाडाला नाही. मग ताईला उभं केलं. ती डोळे मिटून स्थिर उभी राहिली आणि दर ‘धा’ला बोट उचलत गेली. एकही चुकला नाही. त्या दिवशी आम्ही श्रीखंड आणलं.

तबल्याला मास्तर होते. नावडे गावचे, तळोज्याच्या कारखान्यात शिफ्ट करायचे आणि रविवारी एसटीनं यायचे. ताईबरोबर ते बारा वर्षं वाजवत होते. फळी बघून आधी बिचकले. म्हणाले, “तबल्याला पाय लावत नाय आपून. आता आवाजाला लावला तं चालतो का, ते तुमीच सांगा, इंजिनेर.” ताईनं फळीला वाकून नमस्कार केला तेव्हा ते बसले.

सोळा मात्रांचा फेरा पुरा होऊन नाचणारी आणि वाजवणारा जिथे एकत्र पोचतात, ती सम. ताई तिथे पोचते की नाही, हेच मोजायचं होतं. म्हणून मी दोन दिवे लावले, टॉर्चचे बल्ब, नेलपॉलिशनं रंगवलेले. तबल्यावर जोराची थाप पडली की लाल, ताईची टाच फळीवर आपटली की हिरवा. समेवर दोन्ही एकदम पेटले की वहीत एक ‘बरोबर’. दर रविवारी मी भिंतीला टेकून बसायचो आणि बरोबर, बरोबर, बरोबर लिहीत जायचो. बंद पडत आलेला क्लास परत भरू लागला. मुंबईतल्या एका संस्थेतल्या प्राध्यापकांना मी पत्र लिहिलं, की माणूस त्वचेनं ताल ऐकू शकतो आणि माझ्याकडे पुरावा आहे. किती फुशारलो होतो मी.

मग एका रविवारी, सगळं आवरल्यावर, फळी उचलायला गेलो तर अॅम्प्लिफायर हाताला गार लागला. उघडून बघितलं. फ्यूज उडालेला. दिव्यांचं सर्किट वेगळं, म्हणून दिवे लागत राहिले होते. फळी सबंध सकाळ मुकी होती. वहीत त्या सकाळचे एकोणीस प्रयोग होते, एकोणीसच्या एकोणीस बरोबर. आणि जाताना ताई म्हणाली होती, “आज पायाला फार छान लागत होतं रे.” तिला लागत होते ते तिचेच पाय.

मी स्टँडवर धावलो. मास्तर एसटीची वाट बघत बाकावर बसले होते. “मास्तर, तुम्ही तिला समेवर पकडता काय?” मी जवळजवळ ओरडलोच.

त्यांना लपवण्यासारखं काही वाटलंच नाही. “पकरतो म्हनजे? ताईंचा पाय उचलला का माजा हात आपोआप जातो. एक मात्रा पुरं गेल्या तं मी पुरं जातो, मागं रायल्या तं थांबतो. संगत म्हनजे दुसरा काय हाय?”

“पण मी मोजत होतो ना सगळं. माझी वही पाण्यात गेली.”

“वहीसाठी मी तिला सोरू?” ते म्हणाले. मग गाडी आली.

आठवडाभर मला मास्तरांचा संताप येत होता. त्यांच्या चांगुलपणानं माझं वाटोळं केलं होतं. फ्यूज बदलला. तरी मनात एक आशा चिवटपणे धरून होतो: फळी चालू असताना तिला खरंच कळत असेल, मास्तर उगाच सांभाळत असतील. पुढच्या रविवारी मी म्हटलं, आज मास्तर भिंतीकडे तोंड करून वाजवतील. आणि दिव्यांवर, ताईला दिसू नयेत म्हणून, मी टॉवेल धरीन.

मास्तर म्हणाले, “पाठ फिरवून मी कधी वाजवला नाय.” ताई आमच्या ओठांकडे बघत होती. तिला सगळं कळलं असावं. तिनं घुंगरू बांधले आणि मास्तरांना म्हणाली, “वळा ना मास्तर. एकदा बघायलाच हवं.”

मास्तर वळले. पहिले दोन फेरे छान गेले, ती लय मनातच घेऊन निघाली होती. मग तिनं पायांचा जोर वाढवला आणि माझ्या लक्षात आलं. मी कसा मूर्ख, मी तिला नेहमी स्थिर उभी करून तपासलं होतं. तिची टाच जोरानं आपटली की फळीत दुसरं काही शिल्लकच राहत नव्हतं. जितकं सुंदर नाचत होती तितका तबला तिच्या पायाखाली बुडत होता. टॉवेलामागे हिरवा दिवा लालपासून दूर दूर जात होता आणि मला ‘थांब’ म्हणायचं धाडस होत नव्हतं.

तिनं शेवटचा तुकडा घेतला, तीनदा फिरली, टाच रोवली आणि हात पसरून समेवर उभी राहिली. चेहरा उजळलेला. फेऱ्याची ती अकरावी मात्रा होती. मास्तर वाजवतच होते. दर मात्रेला त्यांचा उजवा खांदा किंचित वर यायचा, आणि ताई आता त्या खांद्याकडे बघत होती. खांदा हलला, परत हलला. मग समेची थाप पडली आणि ते थांबले.

ताईनं हात खाली घेतले. “कुठे आले मी?”

“पंधरावर,” मी म्हटलं. “एक-दोन मात्रांचा फरक. आज फळी जरा...”

“मी उभी राहिल्यावर त्यांचा खांदा सहा वेळा हलला,” ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. “तूही आता मास्तरांसारखंच करायला लागलास.”

मास्तर भिंतीकडेच तोंड करून बसले होते. त्यांना वळायला कोणी सांगितलं नाही आणि ते आपणहून वळले नाहीत. ताई खाली बसून घुंगरांच्या गाठी सोडायला लागली.

“वहीत अकरा लिही,” ती म्हणाली. मी लिहिलं.