बत्तीसची दुसरी गोळी

भगवंत ढोले यांनी पोलिसात अठ्ठावीस वर्षं काढली, त्यातली एकोणीस शस्त्रागारात. एवढ्या काळात त्यांनी एकाही माणसावर गोळी झाडली नाही. कोणती गोळी माणसाला कशी थांबवते याविषयी त्यांचं मत मात्र पक्कं होतं. ऐकणाऱ्यांपैकी कुणालाच यात काही वावगं वाटलं नाही.

निवृत्तीनंतर ते नगरकडचं गाव सोडून बोईसरला आले. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं आणि एका ठेकेदाराला पहारेकऱ्यांवर मुकादम हवा होता. पहारेकऱ्यांकडे काठ्या होत्या. तरीही चहाच्या टपरीवर विषय काडतुसांचाच निघे.

"चारशे पंचावन्न बोअरची गोळी म्हणजे भाताची भरलेली गाडी," भगवंतराव सांगत. "येते सावकाश, पण धडकली की संपलं. अडतीस हलकी. हात उडत नाही, नेम राहतो. नवख्या फौजदाराला तीच बरी. बत्तीस सरकारनं रयतेला दिली. म्हणजे रयतेला समाधान आणि चोराला पळायला वेळ."

नोकरीत असताना पहिली दोन्ही काडतुसं ओल्या पोत्यांवर झाडून त्यांनी साहेबांना चार पानी टिपण पाठवलं होतं. त्याची पोचही आली नाही. त्यांचा सल्ला पाळणारा आयुष्यात एकच माणूस निघाला, पालघरजवळच्या माहीमचे बागायतदार कृष्णकांत चुरी.

कृष्णकांतांची केळीची आणि पानवेलीची वाडी होती. पासष्ट साली शेजारच्या वाडीत दरोडा पडला, तेव्हा त्यांनी परवाना काढून बत्तीसचं रिव्हॉल्वर घेतलं आणि टपरीवरची कीर्ती ऐकून एका रविवारी भगवंतरावांना जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर त्यांनी ते पंच्यात गुंडाळलेलं आणून पाटाशेजारी ठेवलं.

"हवालदार, या खेळण्यानं माणूस थांबंल का, तेवढं सांगा."

वाडीत घड उतरवलेले केळीचे खांब उभे होते. असे खांब कुणीही न विचारता तोडून न्यावेत, मांडवाला न्या, गुरांना घाला, अशी त्या वाडीची रीत. भगवंतरावांनी वीस पावलं मोजून एका खांबावर गोळी झाडली. बारीक भोकातून पाणी ठिबकलं. खांब हलला नाही. चारशे पंचावन्ननंही तो हलला नसता, पण ते तिथं नव्हतं.

"पाहिलंत? लागली, पण त्याला पत्ता नाही. बत्तीस हातात असली की एकीवर थांबायचं नाही, शेट. माणूस येतच राहतो. बघत बसू नका, दुसरी लगेच."

"आणि तो पडला तर?"

"पडला असं आपल्याला वाटतं. दुसरी लगेच."

कृष्णकांतांनी मान डोलावली. जेवण उत्तम झालं होतं, शंका घेण्याची ती वेळ नव्हती.

अकरा महिन्यांनी, धुक्याच्या एका सकाळी, बेटेगावचा गोमा वाडीत शिरला. माहीमच्या वाड्यांतले ताड-माड चढून तो पोट भरत असे. त्याच्या पोरीचं लग्न होतं आणि मांडवाला चार खांब हवे होते. हातात कोयता होता, कारण खांब हातानं तुटत नाही. कृष्णकांत ओट्यावरून ओरडले, "कोन हाय?" गोमा म्हणाला, "मी हाय." धुक्यात हे उत्तर पुरेसं ठरलं नाही. पहिली गोळी मांडीत लागली. गोमानं कोयता टाकला आणि तो मटकन खाली बसला. दुसरी लगेच आली, ती उजव्या खांद्यात. गोमा जगला, पण तो हात पुन्हा वर गेला नाही.

खटला पालघरच्या कोर्टात उभा राहिला. कृष्णकांतांचे वकील बोईसरला भगवंतरावांच्या खोलीवर आले.

"तुम्ही एवढंच सांगायचं. बत्तीसची एक गोळी पुरत नाही. म्हणजे दुसरी ही गरज ठरते, आणि शेट सुटतात. तुम्ही तज्ज्ञ आहात."

त्यांना तज्ज्ञ म्हणणारे हे पहिलेच. भगवंतरावांनी साक्षीला येतो म्हणून सांगितलं, आणि त्या दिवसापासून त्यांचं जेवण निम्म्यावर आलं.

"त्या माणसाला तुम्ही मारलं नाही," पत्नी सोजराबाई म्हणाल्या.

"नाही. मी फक्त शिकवलं."

"मग जेवा. भाकरीनं काय केलंय तुमचं?"

"तो खाली बसला होता, सोजरे. पहिल्या गोळीलाच."

कोर्टात त्यांनी काडतुसांची माहिती स्वच्छ दिली. वजन, वेग, पोलिसांना कोणतं, नागरिकाला कोणतं. वकिलांनी समाधानानं विचारलं, "म्हणजे बत्तीसची एक गोळी माणसाला थांबवत नाही, हा आपला अनुभव?"

"अनुभव नाही, मत. शेटना मीच सांगितलं होतं, दुसरी लगेच मारा. पडला तरी मारा. हे लिहून घ्या."

वकील खाली बसण्याच्या बेतात होते. मॅजिस्ट्रेटनी मान वर केली.

"तुम्ही हे कशावर आजमावलं?"

"केळीच्या खांबावर, साहेब."

"बत्तीसची गोळी लागलेली माणसं किती पाहिलीत?"

"एक. तो बाकावर बसलाय तो. तो पहिल्या गोळीला थांबला होता."

कृष्णकांतांना सहा महिन्यांची सजा झाली. कोर्टाच्या पायरीवर त्यांनी भगवंतरावांकडे पाहिलं, रागानं नव्हे, ज्याचं ऐकलं त्यानंच असं करावं याचं नवल वाटल्यासारखं. सल्ला देणाऱ्याला शिक्षा करणारं कलम कायद्यात सापडलं नाही. भगवंतरावांनी ते कारकुनाला दोनदा विचारलं होतं.

पुढच्या रविवारी ते बेटेगावला गेले. गोमा झोपडीपुढं डाव्या हातानं काठी तासत होता. काठी हलत होती, म्हणून त्यानं ती पायाच्या बोटांत धरली होती.

"बसा," तो म्हणाला. "तुमी खरा बोलले. सगले सांगतात."

"माझ्यामुळं झालं, गोमा."

"हां. तुमच्यामुलं झाला." त्यानं ते विनातक्रार मान्य केलं. "हात गेल्यावर शेट बोलला होता, बसून वाडी राख, दोन टायमाचा जेवन देईन. आता शेट जेलात. शेटाची बायको दारात उभा करीत नाय. तुमी बोलून मोकले झाले, दादा. मी कुठं जाऊ?"

भगवंतराव पुढं सरकले आणि काठीचं दुसरं टोक धरून बसले.