महिपतरावांचं पुढचं शीड

पडदा वर जातो. समोर तिघरा धरणाचं पाणी, फेब्रुवारीतली सकाळ, पाठीमागून येणारा कोरडा वारा. काठाला दोन अरुंद पेट्यांची एक नाव. पेट्यांच्या मध्ये ताणलेली जाळी, जाळीवर डोलकाठी. आणि डोलकाठीपुढे, अगदी नवं, पांढरं तिकोनी शीड. जिब म्हणतात त्याला.

नावेचे मालक महिपतराव इंगळे. घराण्यात सगळे शिपाईगडी. यांनी मात्र सुई धरली. दाना ओलीतल्या दुकानात कनाती शिवल्या, तंबू शिवले आणि पस्तीस वर्षं आमच्या नाटक मंडळीचा दर्शनी पडदा ओढला. बायको विजयाबाई विंगेत पुस्तक घेऊन बसायच्या. त्यांनी मान हलवली की पडदा पडायचा. आम्ही नट आमच्या तोऱ्यात. पण अंक यांच्या हातानं संपायचा.

सत्तरी गाठल्यावर महिपतरावांनी ही दोन पेट्यांची नाव, म्हणजे कॅटमरान, स्वतः बांधली. एकाच मोठ्या शिडाची. वाऱ्याबरोबर ती झोकात जायची. परतताना वारा समोरून, म्हणजे वळणं घेत यायचं. ऐन वळणावर नाव वाऱ्याकडे तोंड करून ठप्प व्हायची. मग घाटावरचा दौलतसिंह मोटरबोट घेऊन यायचा आणि दोरीनं ओढून आणायचा. असं चारदा झालं. म्हणून महिपतरावांनी आठवडाभर खपून तंबूच्या हलक्या कापडाचं हे पुढचं शीड शिवलं.

त्या दिवशी विजयाबाई प्रथमच नावेत बसल्या, तेही अट घालून.

"आज दोरीला बांधून आणलंत, तर मी परत पाय ठेवणार नाही. सगळा घाट हसतो."

महिपतरावांनी पत्नीसाठी जाळीवर टाकायला गादी शिवून आणली होती. ती त्यांनी अंथरली. मला म्हणाले, "तुम्ही मध्ये बसा, वजन म्हणून. स्टेजवरही कुठे हलत होतात!"

गेलो मजेत. परतताना पहिलं वळण आलं. महिपतरावांनी सुकाणू लोटलं, नावेचं तोंड वाऱ्यावर आलं आणि त्यांनी झटकन पुढच्या शिडाची दोरी सोडली. शीड फडफडलं. नाव थांबली आणि मागे सरकू लागली.

लांबून दौलतसिंहाचं इंजिन सुरू झालं. "दादा, रस्सी लाऊँ क्या?"

"रुक जा!" महिपतराव ओरडले. त्यांचा चेहरा उतरला होता. "मोबाईलवर दहादा बघितलंय. शीड जुन्याच बाजूला धरून ठेवायचं, म्हणजे वारा उलटा भरून तोंड पलीकडे ढकलतो. पण वळण आलं की हात आपोआप सुटतो."

"सुटणारच," विजयाबाई म्हणाल्या. "माझ्याकडे न बघता सोडलात. पडदा तरी असा कधी सोडला होतात?"

"नाही."

"मग? इकडे बघा."

नाव पुन्हा वेगात आली. सुकाणू वळलं. महिपतरावांचे डोळे बायकोकडे, दोरी मुठीत. शीड उलट्या बाजूनं फुगलं, डोलकाठी करकरली.

"अजून नाही," विजयाबाई म्हणाल्या. "अहो, अजून नाही म्हणते ना! जल्दी कसली आहे?"

नावेचं तोंड हळूहळू वाऱ्यापलीकडे सरकलं. विजयाबाईंनी मान हलवली. महिपतरावांनी दोरी सोडली, दुसरी ओढली. दोन्ही शिडं भरली आणि नाव तिरकी पळू लागली. मी टाळ्या वाजवल्या. दुसरं काय येतं मला!

आणखी सहा वळणं घेतली. एकही चुकलं नाही. दौलतसिंह इंजिन बंद करून, हाताची घडी घालून बघत राहिला.

काठ आला. विजयाबाई पदर खोचून उतरायला उठल्या. दौलतसिंहानं हात पुढे केला.

महिपतरावांनी सुकाणू सोडलंच नव्हतं. म्हणाले, "बस गं. वारा आहे तोवर आणखी एक फेरी मारू."